दोर बारा हात

माणिकराव सरांच्या घरात व्हिडिओ गेम आला तो त्यांच्या इच्छेविरुद्ध. पुढे महिनाभर तो त्यांच्या मांडीवरून हलला नाही, ही गोष्ट वेगळी.

सर बोरीच्या हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवायचे. गावात कुठे भानामतीची कुजबुज सुरू झाली की सायकलवर टांग टाकून तिथे हजर व्हायचे, आणि फॉस्फरस कुणी, कुठे लपवला होता ते तासाभरात दाखवून परत यायचे. अंगात आलेल्या बाईला थर्मामीटर लावणारा पंचक्रोशीतला हा एकमेव माणूस. मोजल्याशिवाय मानायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. बाजारात ते वांगीसुद्धा फुटपट्टी लावून घेतात असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांचा मेहुणा भुजंग परभणीहून एसटीने एक खोका घेऊन उतरला. भुजंगचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत तो पोरांना व्हिडिओ गेम खेळू द्यायचा. जागामालकाने ती खोली खाली करायला लावली होती. नवी जागा मिळेपर्यंत खोका आक्काकडे ठेवायचा त्याचा बेत होता. "दाजी, नुसता ठिवू नका. बंद ठिवला की खराब हुतोय. रोज घडीभर चालवा," एवढं सांगून, सरांच्या ओसरीतल्या टीव्हीला तारा जोडून, जेवून, तो पाचच्या गाडीने निघूनही गेला.

हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला तो सेट. त्याच्याबरोबर कॅसेट एकच, आणि तिच्यावरचा कागद घासून गेलेला. पडद्यावर जी अक्षरं यायची ती चिनी होती की जपानी, हे भुजंगलाही ठाऊक नव्हतं. खेळ मात्र न वाचता कळण्यासारखा होता. सरांचा टीव्ही काळा-पांढरा. त्यावर एक घर दिसायचं, मधोमध उभं कापल्यासारखं. डावीकडे दार, मग एकापुढे एक तीन खोल्या, शेवटी परस, आणि परसात एक पेटी. घर आपलं. चोर डाव्या दाराने यायचे आणि त्यातल्या एकानेही पेटीला हात लावला की खेळ खल्लास.

आपण करायचं काय, तर चोर यायच्या आधी घरभर सापळे मांडून ठेवायचे. साबणाचं पाणी, आडवी बांधलेली दोरी, टांगलेला हंडा, मधमाश्यांचं पोळं, तापलेला तवा, आणि जमिनीत खोल खड्डा, त्यावर चटई. साबणावर घसरलेला चोर गडगडत तव्यावर जाऊन बसायचा, तिथून उडाला की त्याचं डोकं हंड्यात अडकायचं, आणि हंडा घेऊन आंधळा पळत सुटला की थेट खड्ड्यात. मग खड्ड्यातून पंख फुटलेला छोटा चोर वर यायचा, टोपी काढून नमस्कार करायचा आणि छपरातून उडून जायचा. या सगळ्यात एक वाजंत्रीसारखी धून सारखी वाजत राहायची.

मेलेल्या माणसावर हसायला शिकवणारा खेळ घरात नको, असं सरांनी पहिल्या संध्याकाळी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आलेखाचा कागद आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन टीव्हीपुढे बसले. चोराचा वेग, घसरण्याचं अंतर, हंड्याची उंची, सगळं मांडलं. चौथ्या फेरीत एका बुटक्या चोराने दोरी ओलांडली, तव्याला वळसा घातला आणि पेटी उघडली. पडद्यावर एक मोठं तोंड आलं आणि सरांना हसलं.

त्यांच्या पत्नी गीताबाई परसात कुरडया वाळत घालत होत्या. त्या येता-जाता बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "आवो, चोर पायाखाली बघत न्हाई," त्या म्हणाल्या. "कोण आपल्याकडं बघायलंय का, ते बघतो." पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी बटणांची डबी हातात घेतली आणि पहिल्याच दमात आठव्या फेरीपर्यंत गेल्या. सर सहावीत पोचले नव्हते.

गीताबाईंची तरकीब साधी होती. पडद्यावरचं घर त्यांनी आपलंच धरलं. पहिली खोली ओसरी, दुसरी माजघर, तिसरं सैपाकघर, पुढं परस. मग कोण कुठे कडमडेल हे ठरवायला आलेखाची गरज काय? चोरांना त्यांनी सासरच्या माणसांची नावं दिली. छत्रीवाला म्हणजे सरांचे थोरले चुलते, ओसरीतच टेकायला जागा शोधणार, तर तवा तिथेच ठेवायचा. जाडा चोर म्हणजे नणंदबाई, चहा टाकला का ते बघायला सरळ चुलीकडे जाणार, तर साबण उंबऱ्याशी. चुलते तव्यावर बसले की गीताबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. पंचवीस वर्षांत बायकोला इतकं हसताना सरांनी पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटायचं, आणि थोडी धास्तीही वाटायची.

खड्डा मात्र त्या नेहमी परसातच मांडायच्या, पेटीच्या अलीकडे. कारण त्यांच्या खऱ्या परसातही एक खड्डा होता, आणि त्या उन्हाळ्यात दोघांचा जीव त्या खड्ड्यात अडकला होता.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती एक लेक मनकर्णा, घरची मनू, दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाला आली होती. सातव्या महिन्यात पहाटे बायकांबरोबर गावाबाहेर जाताना चिखलात घसरून पडली. बाळ गेलं. कुणी कुणाला बोललं नाही, पण गावभर लोकांना आरोग्याचे धडे देणाऱ्या आपल्या घरात संडास नव्हता, ही गोष्ट सरांना रात्रंदिवस खात होती. आता मनूला पुन्हा दिवस गेले होते. मे सरता सरता ती येणार होती. तिच्या आधी घरात संडास, असं गीताबाईंनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

परसात एक लिंपून बंद केलेलं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठ्या रांजणाएवढं. ते साफ केलं की संडासाचा खड्डा आयता मिळणार होता. घर ज्यांच्याकडून नऊ वर्षांपूर्वी घेतलं ते दिनकरराव आता परभणीला राहायचे. सरांनी त्यांना पत्र टाकून माहिती विचारली. उलट टपाली कार्ड आलं. पेव एकच. आजोबांच्या वेळचं. खोली बारा हात. आमच्या आठवणीत कधी उघडलेलं नाही.

पेवात उतरायला मुंजाजी ठरला. विहिरी खोदण्यात त्याची उमर गेली होती आणि थट्टा केल्याशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघत नसे. जागा बघायला म्हणून आला आणि टीव्हीपुढे मांडी ठोकून बसला. चटई सरळ टाकू नका, असा त्याने गीताबाईंना सल्ला दिला. सरळ चटईवर चोर पाय देत नाही, वाकडी पडलेली असली की घरातल्या माणसाने टाकली असं समजून बिनघोर येतो. गीताबाईंनी चटई वाकडी टाकली आणि त्या दुपारी तीन चुलते लागोपाठ खड्ड्यात गेले. पंख फुटलेला चोर टोपी काढायचा तेव्हा मुंजाजीही आपली टोपी काढून त्याला नमस्कार घालायचा.

असं सगळं मजेत चाललं होतं.

पेव उघडायच्या दोन दिवस आधी सर जिंतूरहून सिमेंट सांगून आले, तेव्हा गीताबाई डबी मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

"आज एक निराळाच आला व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानं पेटीकडं बघितलंबी न्हाई."

खेळात एखादा नवा चोर नवव्या फेरीत येत असेल, असं सर म्हणाले. गीताबाईंनी मान हलवली. तो चोरासारखा चालत नव्हता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः बघायचं ठरवलं. नवव्या फेरीपर्यंत त्यांना कोण पोचवणार, म्हणून तिथवर गीताबाई खेळल्या. फेरी सुरू झाली. दोन चोर साबणावर गेले, एक हंड्यात. मग धून थांबली.

डाव्या दारातून एक आकृती आली. बाकीचे चोर टुणटुण उड्या मारत यायचे. ही पावलं टाकत आली, डाव्या पायावर जरा जास्त भार देत. ओसरीतला तवा तिने ओलांडला, माजघरातली दोरी ओलांडली, सैपाकघरातल्या पोळ्याखालून मान वाकवून गेली. सापळे कुठे आहेत हे तिला ठाऊक होतं म्हणण्यापेक्षा, घर ठाऊक होतं असं वाटत होतं.

परसात खड्ड्याजवळ ती थांबली. वाकली. उठली तेव्हा तिच्या पायाशी दोन करडे ठिपके राहिले होते, एकाशेजारी एक.

"वहाणा काढल्या," गीताबाई हळूच म्हणाल्या. धान्यात कुणी वहाणा घालून उतरत नाही, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि सरांनाही.

मग आकृती खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिच्या हातातून एक चमकता ठिपका खाली जाऊ लागला. सावकाश, थांबत थांबत. अर्ध्याहून जास्त खाली गेला आणि थांबला. चमकत राहिला. आकृती हलली नाही. आता संपलं असं वाटत असताना ती आणखी वाकली, ठिपका आणखी थोडा खाली गेला, आणि विझला.

आकृती उठली, वहाणा घातल्या, आल्या वाटेने दाराबाहेर गेली. धून पुन्हा सुरू झाली.

सरांनी कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, पुन्हा बसवली. धूळ बसली की चित्रं एकमेकांत मिसळतात, असं त्यांनी भुजंगकडून ऐकलं होतं. एक चोर, एक दिव्याचा ठिपका, दोन करडे डाग, एवढ्यानं मन काहीही जुळवून घेतं. त्यांनी हे गीताबाईंना नीट समजावून सांगितलं. गीताबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला गेल्या.

पेव उघडलं ते मंगळवारी. मुंजाजीने वरचा चुना फोडला, दगड पहारीने सरकवला. आतून आंबूस, ओलसर वास वर आला, शिळ्या अंबिलीसारखा. रीतीप्रमाणे एक दिवस तोंड उघडं ठेवलं. बुधवारी सकाळी सर कंदील आणि दोर घेऊन परसात आले तेव्हा त्यांचा चेहरा वर्गात प्रयोग दाखवताना व्हायचा तसा झाला होता. सडलेल्या ज्वारीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, त्यात ज्योत जगत नाही आणि माणूसही जगत नाही. मुंजाजीला हे बापजाद्यांपासून माहीत होतं, पण सर सांगत होते म्हणून त्याने माना डोलावल्या.

हात म्हणजे दीड फूट. बारा दिडे अठरा. सरांनी दोर टेपने मोजून बरोबर अठरा फुटांवर गाठ मारली होती. कंदील पेटवला, खाली सोडला. गाठ हाताशी आली तसे थांबले. खाली काळोखात ज्योत छान पिवळी जळत होती. वरून बघणाऱ्याला कंदील टेकलाय की लटकतोय हे कळत नाही. हाताला कळतं. दोर ताणलेला होता. पण सरांचं लक्ष हाताकडे नव्हतं, गाठीकडे होतं.

दहा मिनिटं घड्याळ लावून झाली. ज्योत जळत होती. मुंजाजीने वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि कमरेला दुसरा दोर बांधला.

"आवो, आणखी सोडा," सैपाकघराच्या दारातून गीताबाई म्हणाल्या.

तळाला टेकलाय, असं सरांनी सांगितलं.

"त्यो दोनदा सोडतो."

मुंजाजीसमोर सरांना कानकोंड्यासारखं झालं. बायको टीव्हीतल्या चोराची साक्ष काढत होती. तिला एकदाचं गप्प करावं म्हणून त्यांनी गाठ हातातून सोडली, आणि दोर सरसर निघाला. एक हात, दीड हात. ज्योत निळी झाली. मग नुसतं एक बारीक टोक राहिलं, आणि ते गेलं.

लिंबावर एक कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज.

मुंजाजी पेवाच्या काठावर खाली बसला. "पेव ज्याचं, हात त्याचा," तो म्हणाला. "दिनकररावांचा आजा सहा फुटाच्या वर व्हता, माझा बाप सांगायचा. त्याच्या हातानं बारा. तुमच्या टेपानं न्हाई, सर."

म्हणजे तळ आणखी तीन फूट खाली होता. सरांनी मनातल्या मनात गणित केलं. मुंजाजी उतरून उभा राहिला असता तर त्याचं नाक वर, चांगल्या हवेत राहिलं असतं. वरून हाक मारली असती तर त्याने ओ दिली असती. घमेलं भरायला वाकला असता, की संपलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण इतके घाबरलो नव्हतो, हे त्यांनी त्या रात्री गीताबाईंना कबूल केलं, आणि लाज वाटते हेही.

मुंजाजीला मात्र गप्प बसवेना. गीताबाईंनी शिरा केला होता. तो खाऊन झाल्यावर त्याने टोपी काढली, सगळ्यांना नमस्कार केला, दोन्ही हात पंखांसारखे हलवले. "माझी तयारी झालीच व्हती, वैनी," तो म्हणाला. गीताबाई हसता हसता रडल्या.

पुढचे चार दिवस दोराला लिंबाच्या फांद्या बांधून पेवात वर-खाली हलवल्या. कंदील थेट तळाला टेकवून तासभर जळू दिला. मग मुंजाजी उतरला. दोन दिवस काळी झालेली ज्वारी वर येत राहिली. तिसऱ्या दिवशी ज्वारीबरोबर एक जुना कंदील वर आला, काच शाबूत असलेला. त्याच्या कडीला दोर होता, जागोजागी कुजलेला पण अखंड. सरांनी तो परसात लांब पसरून टेप लावला.

अठरा फूट.

त्यांनी पुन्हा मोजला. आधीही कुणीतरी बारा हातांचे अठरा फूटच धरले होते. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि कंदील मुंजाजीला घेऊन जायला सांगितलं. मुंजाजीने नको म्हटलं. आठवड्यात पेवाच्या तोंडावर भांडं बसलं, भिंती उठल्या, पत्रा पडला. गीताबाईंनी दाराला हळदकुंकू लावलं. संडासाची पूजा करणारी बोरीतली पहिली बाई, असं मुंजाजी गावभर सांगत सुटला.

मनू आली. आठवा लागलेला, चेहरा भरलेला, सांगायला ढीगभर गोष्टी. दोनच दिवसांत तिने आईचा व्हिडिओ गेम हिसकावला आणि चोरांना आपल्या सासरची नावं दिली. आत्याबाई तव्यावर बसल्या की मायलेकी एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. घर इतकं हसरं झालं की शेजारचे लोक ओसरीत येऊन बसू लागले. नवव्या फेरीत तो निराळा माणूस आता येत नव्हता. सर कधीकधी धून थांबते का म्हणून कान देऊन बसायचे. थांबायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट न मोजता सोडून दिली होती, आणि त्यांना त्याचं बरंच वाटत होतं.

मनूला उकाडा सोसत नव्हता. माजघरातली शहाबादी फरशी घरात सगळ्यात गार, म्हणून ती बाजेवर न निजता खाली सतरंजी टाकायची. तिथं ताकासारखा आंबूस वास येतो, असं ती एक-दोनदा म्हणाली. गीताबाईंनी विरजणाचं भांडं सैपाकघरात हलवलं. तिन्हीसांजेला त्या लेकीच्या उशाशी जमिनीवर निरांजन लावून ठेवायच्या, ते घडीभरात विझायचं. पंख्याच्या वाऱ्याने विझतं, असं सरांनी सांगितलं. पाट मांडून त्यावर ठेवलं की जळतं, हे गीताबाईंच्या ध्यानात आलं. मग त्या पाटावर ठेवू लागल्या.

भुजंगचं कार्ड आलं. नवी जागा मिळाली, रविवारी खोका न्यायला येतो. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर गीताबाई परसात लोणच्याच्या कैऱ्या धुवायला बसल्या, मनू माजघरात आडवी झाली, आणि सर शेवटचं म्हणून टीव्हीपुढे बसले. आलेखाचा कागद घेतला नाही. गीताबाईंसारखं खेळून बघितलं. ही ओसरी, हे माजघर, हे सैपाकघर. चटई वाकडी. आणि गंमत म्हणजे जमलं. सहावी फेरी गेली, सातवी गेली, आठवी गेली. सर स्वतःशीच हसले. नववी लागली तेव्हा बायकोला हाक मारून दाखवावं असं त्यांच्या मनात आलं.

धून थांबली.

डाव्या दारातून तो आला. डाव्या पायावर भार देत. ओसरी ओलांडली.

माजघरात थांबला.

तिथे सरांनी काहीच मांडलेलं नव्हतं. नुसती जमीन होती. तो वाकला, उठला. पायाशी दोन करडे ठिपके.

मग तो बसला आणि चमकता ठिपका त्याच्या हातातून सुटला. जमिनीच्या रेघेतून खाली गेला. तिथे खड्डा काढलेला नव्हता, सगळा काळा पडदा होता. त्या काळ्यातून ठिपका सावकाश खाली जात राहिला.

सरांना निरांजन आठवलं. जमिनीवर विझणारं, पाटावर जळणारं. आठवीच्या वर्गाला ते वीस वर्षं हेच शिकवत आले होते.

ते उठले तेव्हा डबी खाली पडली.

मनू कुशीवर निजली होती, गाल फरशीला लागेल इतका खाली. हात पोटावर. त्यांनी हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला खांद्याला धरून बसतं केलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि ते कुठेच न बघता पुन्हा मिटू लागले. "मनू, ऊठ बाळा, ओसरीत चल," सर म्हणत राहिले. आपला आवाज किती शांत निघतोय याचं त्यांनाच नवल वाटलं.

"लय जड झोप लागली व्हती, बाबा," ती म्हणाली. "डोकं दुखायलंय."

त्यांनी तिला उठवून उभं केलं, कडेकडेने, भिंतीला धरून नेलं. उंबरा ओलांडून ती ओसरीत गेली, दारातल्या वाऱ्याला बसली, दोन-चारदा लांब श्वास घेतला. "हे लाथाडायलंय बघा," पोटावर हात ठेवून ती हसली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग ते एकटे माजघरात परत गेले. उंबऱ्याशी गुडघे टेकले आणि हात लांब करून बोटांच्या पेरांनी फरशी वाजवली. भिंतीजवळ ठक्. पुढच्या फरशीवर ठक्. सतरंजीची कड उचलून त्यांनी त्याखालची फरशी वाजवली. आवाज बद्द आला. दुसरी बद्द. तिसरी बद्द. खोलीच्या मध्यापर्यंत हात पोचेल तिथवर तोच आवाज. पेव एकच, असं दिनकररावांनी लिहिलं होतं.

सांध्यातून आंबूस, गार हवा त्यांच्या बोटांना लागली.

परसात गीताबाई कैऱ्या धूत काहीतरी गुणगुणत होत्या. ओसरीत धून अजून सुरू झालेली नव्हती. सर कान देऊन बसले. तेवढ्यात मनूचा आवाज आला, अजून झोपाळलेला, जरा हसरा.

"बाबा, ह्यो तुमचा माणूस कवापासून दोर सोडायलाय. टेकायचं नावच घेईना."